न्यूट्रल रंगात घर दवाखान्यासारखं दिसेल का? सांगलीतल्या फ्लॅटसाठी शेड कशी निवडावी?

तुमच्या प्रश्नातून मला कळलं ते असं: सांगलीत विश्रामबागेत दोन बेडरूमचा नवा फ्लॅट आहे. हॉलला पूर्वेची गॅलरी, एका बेडरूमला फक्त उत्तरेची खिडकी, स्वयंपाकघर पश्चिमेला. फरशी क्रीम व्हिट्रिफाइड, दारं सागवानी, पॉलिश केलेली. तुम्हाला ऑफव्हाइट, बेज, राखाडी असे रंग हवेत, पण घरातली मोठी माणसं म्हणतात की घर दवाखान्यासारखं दिसेल आणि वर्षभरात मळकट होईल.

त्यांची शंका रास्त आहे, कारण अशी घरं दिसतात खरी. मात्र तिथे बहुतेक वेळा शेड वाईट नसते, ती फरशीशी आणि उजेडाशी न जुळवता घेतलेली असते. म्हणून शेडचा नंबर सगळ्यात शेवटी ठरवा. आधी फरशी बघा, मग उजेड, मग भिंत.

साय, मोतिया, गव्हाळ, बदामी, मातकट, करडा, राखाडी हे सगळे न्यूट्रल म्हणून विकले जातात, पण यातला एकही बिनरंगी नाही. प्रत्येकाच्या पोटात पिवळी, गुलाबी, हिरवी किंवा निळी झाक असते. शेडकार्डावरच्या दोन इंची तुकड्यात ती कळत नाही, भिंतभर लावली की लगेच कळते. तुमच्या घरात सगळ्यात मोठा न्यूट्रल रंग आधीच पसरलेला आहे, तो म्हणजे फरशी. ती आता बदलणार नाही, तेव्हा भिंतीने तिच्याशी जुळवून घ्यायला हवं.

फरशीची झाक ओळखायची सोपी रीत आहे. सकाळी ११च्या सुमारास, ट्यूब बंद ठेवून, खिडकीपासून तीन-चार फुटांवर फरशीवर झेरॉक्सचा कोरा पांढरा कागद ठेवा आणि उभं राहून बघा. एरवी नुसती ‘क्रीम’ वाटणारी टाइल कागदाशेजारी आपला खरा रंग दाखवते. बहुतेक क्रीम टाइल्स एक तर गुलाबीकडे झुकतात, नाही तर पिवळ्याकडे. गुलाबी झाकेच्या टाइलवर पिवळट-हिरवट क्रीम भिंत आली की फरशी मळलेली आणि भिंत आजारी दिसते. घर ‘काहीतरी चुकल्यासारखं’ वाटण्याचं हे सगळ्यात जास्त आढळणारं कारण आहे. आपल्याकडच्या शहाबादी फरशीला निळसर-करडी झाक असते, कोटा फरशीला हिरवट. त्यांच्यावर पिवळा क्रीम टोचतो, आणि मातकट किंवा तागाच्या पोत्यासारखा रंग छान बसतो. घरात कुठे शहाबादी राहिलीच असेल तर हे लक्षात ठेवा.

शेडकार्डाची झाक ओळखायलाही युक्ती आहे. ज्या पट्टीवर एकाच घराण्याच्या सहा-सात शेड वरून खाली गडद होत जातात, तिची सगळ्यात खालची, सगळ्यात गडद शेड बघा. ती जर जांभळट असेल तर वरची फिकट शेड भिंतीवर गुलाबीच दिसणार, दुकानदार काहीही म्हणो. ती शेवाळी असेल तर वरची हिरवट दिसेल.

आता उजेड. उत्तरेच्या खिडकीतून वर्षातला बराच काळ थेट ऊन येत नाही. आपल्या अक्षांशावर मे ते जुलैत सूर्य थोडा उत्तरेकडून जातो तेवढाच अपवाद, आणि त्यातला निम्मा काळ ढगांत जातो. एरवी त्या खोलीत आकाशाचा निळसर उजेड असतो. राखाडी रंग तिथे थंड, निळा पडतो. दवाखाना दिसतो तो इथेच. त्या बेडरूमला राखाडी देऊ नका. गव्हाळ, म्हणजे गव्हाच्या पिठात किंचित कोंडा राहिल्यावर दिसतो तसा उबदार रंग घ्या. पूर्वेच्या हॉलमध्ये सकाळी १० पर्यंत सोनेरी ऊन, नंतर दिवसभर सौम्य उजेड. तिथे बेज आणि राखाडीच्या मधला मातकट रंग चांगला चालतो. पश्चिमेच्या स्वयंपाकघरात दुपारी ३ नंतर नारिंगी ऊन घुसतं, आणि पिवळसर क्रीम तिथे संध्याकाळी केशरी दिसायला लागतो. तिथे पिवळेपणा कमी असलेला, ताकासारखा ऑफव्हाइट घ्या.

थोडक्यात, संपूर्ण घराला एकच ऑफव्हाइट लावला तरी तीन खोल्यांत तो तीन रंगांचा दिसणार आहे. झाक एकाच घराण्यातली ठेवून खोलीगणिक शेड बदलली तर घर एकसारखं दिसतं.

रात्रीच्या उजेडाचा विचार लोक रंग लावून झाल्यावर करतात, तो आधी करा. केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा कमी तितका उजेड पिवळट. बाजारात जास्त खपतो तो ६५०० केल्विनचा पांढरा एलईडी. त्याखाली कुठलाही बेज पिठुळ आणि राखाडी निळा दिसतो. घरातल्यांना दवाखाना आठवतो त्याला निम्मा हा दिवा कारण आहे. हॉल आणि बेडरूमला ३००० केल्विनचे, स्वयंपाकघराला ४००० केल्विनचे दिवे घ्या. केल्विन बॉक्सवर लिहिलेलं असतं. सीआरआयचा, म्हणजे दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा आकडाही बघा, ८०च्या खाली नको, ९० मिळाला तर उत्तम. उबदार दिवा म्हणजे अंधूक दिवा, हा गैरसमज आहे. उजेड किती पडणार ते लुमेन ठरवतात. १०×१२च्या खोलीला १८०० ते २००० लुमेन लागतात, म्हणजे २० वॅटची एक एलईडी पट्टी किंवा ९ वॅटचे दोन बल्ब. भिंत गडद ठेवणार असाल तर एक बल्ब वाढवा. एका खोलीत पिवळा आणि पांढरा दिवा एकत्र लावू नका; एकाच भिंतीचे दोन रंग दिसतात.

शेड पक्की करण्याआधी नमुना लावून बघणं अजिबात टाळू नका. थेट भिंतीवर ठिपके मारू नका, कारण शेजारचा जुना रंग डोळ्याला फसवतो. २×२ फुटांचे दोन जाड पुठ्ठे किंवा प्लायचे तुकडे घ्या, आधी प्रायमरचा एक हात, मग रंगाचे दोन पूर्ण हात द्या, कडेने एक इंच पांढरी पट्टी सोडा. वाळल्यावरच बघा, कारण इमल्शन (पाण्यात कालवायचा भिंतीचा रंग) ओलं असताना फिकट दिसतं आणि वाळल्यावर थोडं गडद होतं. दोन्ही पुठ्ठे खोलीच्या कोपऱ्यात काटकोनात उभे करा. हा काटकोन महत्त्वाचा आहे: खोलीतल्या भिंती एकमेकींवर आपला रंग फेकतात, त्यामुळे खोलीत रंग कार्डापेक्षा दाट लागतो. कार्डावर ‘अगदी बरोबर’ वाटलेली शेड म्हणूनच भिंतीवर जास्त पिवळी किंवा जास्त गुलाबी निघते. सकाळी ८, दुपारी १, संध्याकाळी ५ आणि रात्री नव्या दिव्याखाली, असे दोन दिवस बघा. सागवानी दाराशेजारी एकदा नक्की धरा. निळसर राखाडीशेजारी सागवान अधिक नारिंगी दिसतं; दारं तशी दिसायला नको असतील तर मातकट राखाडीवरच थांबा.

एक ठरलेली चूक छताची. रंगारी विचारत नाही, छताला पांढराशुभ्र मारून मोकळा होतो. बाजारातल्या बऱ्याच शुभ्र रंगांना निळसर झाक असते, आणि त्याच्याखाली चांगला ऑफव्हाइटसुद्धा धुवायला आलेल्या कपड्यासारखा दिसतो. ‘मळकट’ ही तक्रार पुष्कळदा मळाची नसते, छताची असते. दुकानात सांगून भिंतीचीच शेड पाव पटीने करून घ्या, म्हणजे तोच फॉर्म्युला, पण रंगद्रव्य चौथा हिस्सा. तुमची उंची साडेनऊ फूट किंवा कमी असेल तर छत आणि भिंत जवळजवळ एक दिसू द्या. छत उंच वाटतं.

आता माप. हॉल १२×१८ धरला तर परिमिती ६० फूट, उंची साडेनऊ, म्हणजे ५७० चौरस फूट. दारं, खिडक्या, गॅलरीचं सरकतं दार यांचे ९० वजा केले की ४८० उरतात. पुट्टी केलेल्या गुळगुळीत भिंतीवर चांगलं इमल्शन दोन हातांना लिटरमागे साधारण १२० चौरस फूट जातं, तेव्हा हॉलला ४ लिटर लागेल. एक लिटर जास्त घ्या, त्याचं काम पुढे सांगतो. प्रायमर एका हाताला ४ लिटर. पुट्टीची ४० किलोची गोणी दोन हातांना एवढ्या भिंतीला पुरते, प्लास्टर खडबडीत असेल तर दीड गोणी. हा हिशेब मशिनने बनवलेल्या फिकट शेडचा. फिकट शेडच्या बेसमध्ये, म्हणजे मशिन ज्यात रंगद्रव्य मिसळतं त्या मूळ रंगात, पांढरं द्रव्य भरपूर असतं म्हणून ती दोन हातांत झाकते. गडद तपकिरी, कोळशासारखा करडा अशा शेडच्या बेसमध्ये ते कमी असतं, त्यांना तिसरा हात लागू शकतो. त्याचे पैसे आधी धरा.

रंग मशिनवरच बनवून घ्या. पांढऱ्यात स्टेनरची ट्यूब पिळून केलेला ‘ऑफव्हाइट’ पुन्हा कधीही तसाच बनत नाही. मशिनचेही दोन डबे किंचित वेगळे निघू शकतात, म्हणून एका खोलीचे सगळे डबे मोठ्या बादलीत एकत्र करूनच सुरुवात करायला सांगा. गडद रंगात हा फरक खपून जातो. न्यूट्रलमध्ये भिंतीच्या मध्यावर उभी रेघ दिसते.

नव्या फ्लॅटमध्ये बिल्डरने आधी काय लावलंय ते पाहणं सगळ्यात गरजेचं. ओल्या काळ्या फडक्याने भिंत घासा. फडक्याला पांढरी भुकटी आली तर खाली स्वस्त डिस्टेंपर आहे. त्यावर इमल्शन मारलं की वर्ष-दोन वर्षांत पोपडे निघतात, कारण नवा रंग भिंतीला नाही, भुकटीला चिकटलेला असतो. ते खरवडून, पाण्याने पुसून, वाळवून मग प्रायमर. भिंतीला जिप्सम असेल तर त्यावर सिमेंटची पुट्टी नको, ती पापुद्र्यासारखी सुटते. ॲक्रिलिक पुट्टीने फक्त खड्डे भरा आणि प्रायमर द्या. वाळूच्या प्लास्टरवर सिमेंटची पुट्टी चालते. दोन पातळ हात, दुसऱ्यानंतर रात्रभर वाळू द्यायची, मग १८० नंबरच्या आणि शेवटी ३२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासणी. घासताना बल्ब भिंतीला चिकटून तिरपा धरायला लावा. समोरून गुळगुळीत दिसणारी भिंत तिरप्या उजेडात पुट्टीच्या पत्र्याच्या सगळ्या रेघा दाखवते, आणि पूर्वेचं सकाळचं ऊन नेमकं तसंच तिरपं येणार आहे. प्रायमरनंतर पुन्हा एकदा हेच करा, बारीक खड्डे तेव्हाच भरून घ्या.

फिनिशबद्दल माझं मत स्पष्ट आहे: हॉल आणि बेडरूमला मॅट किंवा अगदी हलकी चमक. चमकदार रंगात फिकट भिंतीचा प्रत्येक उंचवटा दिसतो. स्वस्त मॅट मात्र पुसता येत नाही, हात लागला की डाग कायमचा. म्हणून मॅट घेताना धुता येणारा, वरच्या दर्जाचा घ्या आणि पैसे दुसरीकडे वाचवा. स्वयंपाकघर आणि देवघरामागच्या भिंतीला सॉफ्ट शीन, म्हणजे मंद चमकेचं, पुसता येणारं फिनिश हवंच, तिथे फोडणीचा तेलकट थर आणि उदबत्तीची काजळी बसते.

रंगाऱ्याकडून दोन गोष्टी पाळून घ्या. डब्यावर लिहिलंय त्यापेक्षा जास्त पाणी घालायचं नाही, आणि एक भिंत सुरू केली की ती संपेपर्यंत चहाला जायचं नाही. कडा ब्रशने आधी सगळ्या कापून ठेवल्या आणि दोन तासांनी रोलर फिरवला तर भिंतीला फोटोच्या चौकटीसारखी किनार दिसते. चार-पाच फूट कडा कापायची, ती ओली असतानाच रोलर न्यायचा.

हळदीच्या गावात राहता, म्हणून हळदीचा डाग वेगळा सांगतो. पांढऱ्या भिंतीवर हळद उडाली की हात आपोआप साबणाकडे जातो, आणि डाग लाल होतो. हळदीत चुना घातला की कुंकवाचा रंग येतो, तीच क्रिया इथे होते: साबण क्षारधर्मी, आणि हळदीतला कुरक्युमिन क्षारात लाल पडतो. आधी कोरड्या कापडाने भुकटी झटका, मग साध्या पाण्याने टिपा, घासू नका. लाल झालाच असेल तर पाण्यात लिंबाचे दोन थेंब टाकून टिपा, तो परत पिवळा होईल. उरलेला पिवळेपणा ऊन लागणाऱ्या भिंतीवर आपोआप फिका पडतो, कारण हळदीचा रंग उन्हात टिकत नाही. उत्तरेच्या खोलीत तेवढी सवलत नाही.

मोठ्या माणसांची मळकटपणाची भीती घालवायला जुन्या घरांतली रीत कामाची आहे: खालचा पट्टा गडद. जमिनीपासून ३ फूट उंचीपर्यंत त्याच पट्टीवरची दोन घरं खालची शेड, धुता येणाऱ्या फिनिशमध्ये. खुर्चीची पाठ, मुलांचे हात, ओलं फडकं हे सगळं तेवढ्यातच लागतं. हॉलच्या जेवणाच्या बाजूला आणि पॅसेजमध्ये एवढं केलं तरी पुरे. रेघ लेव्हल ट्यूबने मारून घ्या आणि मास्किंग टेप रंग पूर्ण वाळण्याआधी काढा, नाहीतर काठ उचकटतो.

भिंती फिकट झाल्यावर खोली सपाट वाटते ती गडद काही नसल्यामुळे. प्रत्येक खोलीत एक तरी काळसर गोष्ट हवी, तिच्यामुळे बाकीचे फिकट रंग उठून दिसतात. यासाठी आपल्याकडे घोंगडीसारखी दुसरी वस्तू नाही. माण, खटाव, जत, आटपाडी या भागातल्या मेंढरांच्या लोकरीची, न रंगवलेली काळी-तपकिरी घोंगडी. जवळून बघितली तर ती काळी नसतेच. काळ्या धाग्यांत तांबूस, राखाडी, मधूनच पांढरा केस दिसतो, आणि काठाची पांढरी रेघ हाच तिचा दागिना. दिवाणाच्या पायथ्याशी घडी करून ठेवा किंवा भिंतीवर काठीला टांगा. बसण्याच्या जागी अंथरू नका, उघड्या हाताला टोचते. वर्षातून दोनदा कडक ऊन द्या आणि घडीत कडुलिंबाचा वाळला पाला घाला, नाहीतर कसर लागते.

पडद्यांना चकचकीत पॉलिस्टर नको. विटा, इचलकरंजीच्या मागांवरचं कोरं सुती कापड किंवा जाड मांजरपाट घ्या, त्याचा न धुतलेला पिवळट रंग हाच उत्तम न्यूट्रल आहे. शिवण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवून खळ काढा आणि वाळवा. कापड मीटरमागे पाच-सात सेंटिमीटर आटू शकतं, आणि आधी शिवलं तर पहिल्या धुण्यातच पडदा घोट्यावर येतो. ४ फुटी खिडकीला ५ फुटी दांडी लावा. कापड दांडीच्या किमान दुप्पट हवं, म्हणजे १० फूट. ४८ इंची पन्ह्याच्या तीन पट्ट्या, प्रत्येकी ८ फूट, अशा हिशेबाने साडेसात मीटर लागेल. बेडरूमला मागून अस्तर घाला. उसाच्या हंगामात पाचट पेटवल्यावर काळी राख उडून खिडकीतून पडद्यावर बसते. ती ओल्या कापडाने पुसू नका, डाग पसरतो. आधी झटका, मग धुवा.

एक जोड साताऱ्याकडच्या जुन्या दगडी घरांसाठी, कारण हा प्रश्न वाचणाऱ्यांत तिकडचेही असतील. चुन्यात बांधलेल्या काळ्या दगडाच्या भिंतीवर प्लॅस्टिक पेंट लावू नका. पावसात मुरलेलं पाणी बाहेर पडू शकत नाही आणि आतून लोणा लागतो. तिथे चुन्याचाच हात द्यावा. कळीचा चुना भरपूर पाण्यात विझवा. तो उकळतो आणि उडतो, म्हणून डोळे सांभाळा. आठवडाभर मुरू द्या, कापडातून गाळा, दुधाइतका पातळ करा, भिंत ओली करून तीन पातळ हात द्या. नीळ घालू नका, तिने चुना निळसर-पांढरा होतो. त्याऐवजी चिमूट-चिमूट पिवळी माती घालून साईचा रंग आणा. चुना वाळल्यावर बराच फिकट होतो, तेव्हा दोन दिवस थांबून मगच प्रमाण ठरवा.

रंगकामाची वेळ डिसेंबर-जानेवारी. दिवाळीआधीच्या घाईत पावसाची ओल भिंतीत असतेच, विशेषतः पश्चिमेच्या. शंका असेल तर दीड फूट चौरस प्लॅस्टिक चारी बाजूंनी टेपने घट्ट चिकटवून २४ तास ठेवा. आतून घाम दिसला तर थांबा. कृष्णेच्या पुराचं पाणी २०१९ किंवा २०२१ साली जिथे शिरलं होतं अशा तळमजल्यावर ही चाचणी पूररेषेच्या वर आणि खाली दोन्हीकडे करा, कारण भिंतीत राहिलेले क्षार पुन्हा पुन्हा ओल ओढतात. मे महिन्यात उलटा त्रास: रोलर पुढे जाईपर्यंत मागचं वाळतं आणि पट्टे पडतात.

आणि तो जादाचा एक लिटर. गाळून लहान, घट्ट झाकणाच्या डब्यात काठोकाठ भरा. झाकणावर शेडचा नंबर, बेसचं नाव, फिनिश, खोली आणि तारीख लिहा. पुढे डाग झाकताना नुसता ठिपका मारला तर फिकट रंगावर तो दिसतोच. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पूर्ण भिंतीला एक हात द्यावा लागतो, आणि हॉलच्या सगळ्यात मोठ्या भिंतीलाही तो एक लिटर नक्की पुरतो.